दोन कोपरांचा ओटा

स्वयंपाकघरात तासभर उभं राहिलं की माझी कंबर धरायची आणि आईंचा उजवा खांदा भरून यायचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अठरा वर्षं आम्ही दोघी एकाच ओट्याशी उभ्या आहोत, आणि अठरा वर्षं ही दोन दुखणी आम्ही वेगवेगळ्या खात्यांत मांडत आलो. माझं ऑफिसच्या खुर्चीच्या नावावर, त्यांचं वयाच्या. मी पट्टा बांधायचे, त्या तेल चोळायच्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कंबर जास्तच धरली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी होती. खुर्चीबद्दल, गादीबद्दल, स्कूटरबद्दल विचारून झाल्यावर तिने विचारलं, "घरातल्या ओट्याची उंची किती आहे?" मला सांगता येईना. पोळपाटाचा घेर, कुकरमध्ये किती वाट्या तांदूळ मावतात, कुठल्या पातेल्याला कुठलं झाकण बसतं, सगळं ठाऊक होतं. रोज चार तास ज्याच्यापुढे उभी राहते त्याची उंची ठाऊक नव्हती. "घरी जाऊन मोजा," ती म्हणाली. "आणि कोपरही मोजा. हात दुमडून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत. चिरण्या-मळण्याची जागा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवी. शेगडीची जागा त्याहून खाली, कारण शेगडीची आणि भांड्याची उंची वर वाढते."

त्या रात्री जेवणं झाल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढली. लेक पेन्सिल घेऊन उभी राहिली. आधी ओटा: ३१ इंच. मग मी, पाच फूट पाच, कोपर ४१ इंचांवर. मग आईंना दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. चार फूट नऊ, कोपर ३६ वर. लेकीने चौकटीवर दोन रेघा मारल्या आणि शेजारी आमची नावं लिहिली.

माझं गणित लगेच सुटलं. मला चिरायला साधारण ३५-३६ इंच हवेत आणि मी ३१ वर वाकत होते. सिंकचा तळ तर २३ इंचांवर. भांडी विसळताना मी जवळजवळ कमरेत घडी घालून उभी असायचे. पण आईंच्या मापाला ओटा बरोबर बसत होता. मग त्यांचा खांदा का दुखावा? त्यावर आईच म्हणाल्या, "थांब, दाखवते." त्यांनी शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं, हातात पळी घेतली आणि आमटी ढवळल्यासारखा हात फिरवला. कोपर पार खांद्याला जाऊन भिडलं. ३१ इंच ओटा, त्यावर पाच इंच शेगडी, त्यावर आठ इंच पातेलं. ४४ इंचांवरच्या भांड्यात ३६ इंचांवर कोपर असलेली बाई सदतीस वर्षं पळी फिरवत होती.

म्हणजे सिंकच्या बाजूला ओटा मला बुटका होता आणि शेगडीच्या बाजूला त्यांना उंच. दोघी रोज एकमेकींशेजारी, एकीने वाकून आणि एकीने टाचा उचलून.

आमचा फ्लॅट पुण्यात बिबवेवाडीला, १९८६ सालच्या सोसायटीत आहे. स्वयंपाकघर सात बाय नऊ. नऊ फुटांच्या भिंतीला लागून एक सरळ ओटा, टोकाला पूर्वेची खिडकी, ओट्यावर दोन फूट उंचीपर्यंत त्या काळातल्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स. त्या काळात बांधलेल्या पुण्यातल्या कितीतरी घरांत तुम्हाला हेच दिसेल. बिल्डरने सोळाही घरांना एकच ओटा दिला. कोण उभं राहणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये माझा भिशीचा नंबर लागला. बारा जणी, पाच-पाच हजार. हातात साठ हजार आले. खरं तर ते पैसे लेकीच्या क्लाससाठी बाजूला ठेवायचे होते, पण क्लासची फी हप्त्याने भरता येणार होती. ओट्याचं काम हप्त्याने होत नाही.

आधी आम्ही एका मॉड्युलर किचनच्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या मुलाने मापं घेऊन संगणकावर सुरेख चित्र काढून दिलं. गुळगुळीत दारं, वर लॉफ्ट, खाली ट्रॉल्या, आकडा दोन लाख ऐंशी हजार. आकड्याचं मला नवल वाटलं नाही. पण त्या चित्रात विळी ठेवायला जागा नव्हती. लोणच्याच्या बरणीला नव्हती. परातीला तर नव्हतीच. आमची परात वीस इंचांची आहे, ती कुठल्याच ट्रॉलीत बसत नव्हती. आईंनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ओट्याची उंची किती धरलीये?" तो म्हणाला, "स्टँडर्ड." आम्ही चहा घेऊन घरी आलो.

मग मिस्त्री शोधला. सोसायटीतल्या दोन घरांत काम केलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो आला, त्याने ओट्यावर हात फिरवला, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तांब्याभर पाणी द्या." ते त्याने ओट्याच्या मधोमध ओतलं. आम्ही सगळे बघत उभे. पाणी क्षणभर थांबलं आणि सिंककडे जायच्या ऐवजी हळूहळू भिंतीकडे निघालं. ओटा आणि टाइल यांच्या सांध्यात गेलं आणि दिसेनासं झालं. "ढाळ उलटा आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुमचं पाणी भिंत पितेय."

पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला जी ओल यायची, जिच्यावर आम्ही दर दोन वर्षांनी पुट्टी आणि रंग लावत होतो, तिचं कारण एका तांब्यात कळलं. रंगावर किती पैसे गेले याचा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

दोन उंचींचा ओटा हवा म्हटल्यावर मात्र मिस्त्री अडला. "ओटा एका लेव्हलला असतो ताई. मध्ये पायरी केली तर दिसायला बरं नाही. उद्या घर विकायला काढलंत तर गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"घर विकायचं नाहीये," आई म्हणाल्या. "स्वयंपाक करायचाय."

तो आईंकडे पाहत राहिला, मग त्याने कानावरची पेन्सिल काढली. सिंकच्या बाजूचे चार फूट ३५ इंचांवर, शेगडीच्या बाजूचे पाच फूट २८ इंचांवर. त्यानेच पुढची अडचणही दाखवली, जी आमच्या लक्षात आली नव्हती: २८ इंचांच्या ओट्याखाली, दगडाची जाडी वजा जाता, सिलिंडर रेग्युलेटरसकट नीट उभं राहणार नाही, आणि सिलिंडर आडवं ठेवायचं नसतं. म्हणून ते उंच ओट्याखाली, सिंकच्या पाइपापासून बाजूला. "आजी, सिंक तुम्हाला उंच पडेल," असंही तो म्हणाला. आईंचं उत्तर तयार होतं. "भांड्यांना आता मी लागत नाही. कपभर विसळायचं तर हात पोचतो की."

आमच्या भाषेत ओटा म्हणजे मुळात घराबाहेरची बसायची जागा. संध्याकाळी टेकायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. तो शब्द स्वयंपाकघरात आला आणि बसायची जागा उभं राहायची झाली. हे सगळं आईंच्या एका आयुष्यात घडलंय. त्या १९७४ साली लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आल्या तेव्हा स्वयंपाक जमिनीवर बसूनच व्हायचा. कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टो. गॅस मुंबईत १९५५ सालीच आला होता, बर्मा शेल कंपनीचा, पण मध्यमवर्गीयांच्या घरी पोचायला त्याला पुष्कळ वर्षं लागली. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. आईंकडे तो १९८१ मध्ये आला. "शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा असं गॅसवाल्याने सांगितलं," आई सांगतात, "म्हणून ह्यांनी लाकडी टेबल आणलं. त्या दिवशी मी उभी राहिले ती अजून उभीच आहे."

ही गोष्ट मी पूर्वीही ऐकली होती. तिचा अर्थ मला तोडफोड सुरू झाल्यावर लागला.

मे महिन्यात काम काढलं. पहिल्या दिवशी ओटा फोडला, आणि ग्राइंडरच्या आवाजाने आणि धुळीने घर भरून गेलं. (कापताना दगडावर पाण्याची धार सोडायला सांगा. आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवसाची धूळ पुढे महिनाभर पुस्तकांतून निघत होती.) काळा कडप्पा उचलून बाजूला ठेवला तेव्हा त्याच्यावरचे पांढुरके डाग उन्हात स्पष्ट दिसले. चिंचेचे, लिंबाचे, आमसुलाचे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट लागलं की त्याचा पृष्ठभाग खातं. आमटीला आमसूल आणि पोह्यांना लिंबू लागणाऱ्या घरात तो इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ. आपल्या घरांत गावंच्या गावं अंथरलेली असतात. शहाबाद कर्नाटकातलं, कोटा राजस्थानातलं, कडप्पा आंध्रातला. फरशीचं नाव म्हणून आपण ती उच्चारतो आणि त्यांवर पाय ठेवून चालतो.

जुना कडप्पा टाकायचा नाही असं मी ठरवलं होतं. वर काळा ग्रॅनाइट घेतला, कारण त्याला आंबटाचं काही होत नाही, आणि कडप्प्याच्या लाद्या कापून ओट्याखालच्या फळ्या झाल्या. लाकडाला ओल लागते, वाळवी लागते. दगडाच्या फळीवर पाण्याचा हंडा ठेवला तरी चिंता नाही. उभे आधारही जुनेच राहिले, शेगडीच्या बाजूचे तीन इंचांनी कापले, सिंकच्या बाजूचे विटांनी चार इंच वाढवले. ग्रॅनाइट अठरा चौरस फूट लागला. दगड, कडेची पट्टी आणि सिंकचं कापकाम धरून साडेपाच हजारांत तो विषय संपला.

त्या दिवसांत स्वयंपाक दिवाणखान्यात होता. दोन बर्नरची शेगडी सिलिंडरच्या बेताने स्टुलावर ठेवू असं मी म्हणत होते. आईंनी ऐकलं नाही. शेजारणीकडून छोटी विजेची शेगडी आणली, खाली फरशीवर पाट मांडला आणि त्या मांडी घालून बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, पण बसता येतं. उठताना तेवढा हात द्यावा लागतो. समोर शेगडी. उजव्या हाताला विळी, विळीच्या पुढ्यात ताट. डाव्या हाताला परात आणि पोळपाट. शेगडीच्या कडेला मिसळणाचा डबा, तेलाची बुधली, मिठाचं भांडं. डावीकडे जरा मागे पाण्याची कळशी. मी सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसले होते, पण काम बाजूलाच राहिलं. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या. दीड तासात सगळा स्वयंपाक झाला आणि त्या एकदाही उठल्या नाहीत. हात कुठे जातोय हे त्या पाहतही नव्हत्या. मोहरी, हळद, हिंग जिथे हात थांबेल तिथेच होतं.

मला एकदम आमच्या स्वयंपाकघरातली ये-जा आठवली. तेल एका टोकाला, मीठ वरच्या फळीवर, परात दाराआडच्या खिळ्याला, पोळपाट फ्रिजच्या मागे. जमिनीवर बसलेल्या बाईभोवती स्वयंपाकाचं एक कडं असायचं. ती उभी राहिली आणि ते कडं उलगडून नऊ फुटांची सरळ रेघ झाली. मग त्या रेघेवर आम्ही चालत राहिलो. एका पोळीभाजीला किती फेऱ्या होतात, हे मी पुढे मोजायचा प्रयत्न केला आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिला.

"आई, तुम्हाला उभं राहून हे सगळं असं हाताशी लावून दिलं तर?" मी विचारलं.

त्यांनी पोळी उलटली. "लावून दे की. पण लावायच्या आधी मला विचार."

दुसऱ्या दिवशी सुताराला दिलेला कागद मी परत घेतला. फळ्या भिंतभर सारख्या अंतरावर न लावता, आईंना नव्या उंचीच्या ओट्यापुढे उभं केलं, ओटा म्हणून तात्पुरती लाकडी फळी टेकवली आणि म्हटलं, पाय न हलवता हात फिरवा. लेकीने खडूने भिंतीवर दोन्ही हातांची कमान काढली. त्या कमानीच्या आत रोजचं. मिसळणाचा डबा, तेल, मीठ, चहा-साखर, पळ्या-उलथनी, चिमटा, तवा. कमानीच्या बाहेर आठवड्याचं. आणि डोक्याच्या वर फक्त सणांचं: पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, मोठी पातेली. पलीकडे उंच ओट्याशी मग माझी कमान काढली. दोन्ही कमानी पायरीपाशी एकमेकींत थोड्या शिरत होत्या. त्या जागेत तुपाचं भांडं आणि चहाची गाळणी आली, कारण ती दोघींना लागते.

घरात एक स्टीलची मांडणी आहे, ताटं-वाट्या उभ्या लावायची. १९८६ साली ती माझ्या सासऱ्यांनी स्वतः खिळे ठोकून भिंतीला लावली. ते सहा फूट उंच होते आणि मांडणी त्यांच्या हाताच्या बेताला लागली. नवीन घराच्या उत्साहात कुणी काही म्हटलं नाही. वरच्या रांगेतलं ताट काढायला आई सदतीस वर्षं स्टूल ओढत आल्या आहेत. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यांनी लावलेल्या वस्तूला हात कसा लावायचा म्हणून मी मांडणीचा विषय काढला नव्हता. आईंनीच काढला. "ती पण खाली घे. त्यांनी प्रेमानेच लावली होती. खाली आली म्हणून काही कमी होत नाही." मिस्त्रीने ती चौदा इंच खाली आणून पक्क्या रावळप्लगांवर बसवली. आईंनी वरच्या रांगेतलं एक ताट काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मग पुन्हा काढलं. असं तीनदा केलं आणि मग ते ताट पदराने पुसत हॉलमध्ये निघून गेल्या.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात सांगते, कारण कमी पैशांत करणाऱ्याला त्यातलंच कामाला येईल.

सगळ्यात मोठा फरक उजेडाने पडला आणि त्याला सगळ्यात कमी पैसे लागले. आमची ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर होती. ओट्याशी उभं राहिलं की पाठ उजेडाकडे, आणि आपलीच सावली आपल्या हातांवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही आईंना तांदळातला खडा का दिसत नाही, हे कोडं होतं. वीस वॅटची एलईडी पट्टी समोरच्या फळीच्या खालच्या अंगाला लावली, पुढे लाकडी पट्टी ठोकली म्हणजे डोळ्यांत जात नाही. साडेतीनशे रुपये. घरात दुसरं काहीही करायचं नसेल तरी एवढं करा. इलेक्ट्रिशियनने जुनी कडक झालेली वायर बदलली, फ्रिजला आणि मिक्सरला वेगवेगळे पॉइंट दिले. तो खर्च नजरेत भरत नाही, पण मी तिथे काटकसर केली नाही.

टाइल्स बदलल्या नाहीत. दहा-बारा तडकलेल्या होत्या तेवढ्या काढून त्या जागी मोरपंखी रंगाच्या बसवल्या, त्या मोठ्या आकाराच्या घेऊन कापून घ्याव्या लागल्या, कारण सहा बाय सहाच्या मिळेनात. उरलेल्यांवरचं तेलकट चिकट मी आणि नवऱ्याने दोन रविवार धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने काढलं. कुणीतरी ॲसिड सुचवेल, वापरू नका. चिकट जाईल, पण सांध्यातलं सिमेंटही त्याच्याबरोबर जाईल आणि मग पुन्हा भिंत पाणी पिणार. सांधे खरवडून नव्याने भरले. पांढऱ्या टाइल्स इतक्या पांढऱ्या असतात हे लेक पहिल्यांदाच पाहत होती.

ओट्याखालच्या दारांवरून सुताराशी वाद झाला. त्याला सलग बंद दारं हवी होती. मी सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी मागितली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो. जाळी वर ठेवून उपयोग नाही, खालीच हवी. तो म्हणाला, झुरळं जातील. मी बारीक जाळी आणून दिली. गॅसची नारिंगी नळीही त्याच वेळी बदलली, तिच्यावर छापलेलं साल पाहिलं तर पाच वर्षं कधीच उलटून गेली होती. तुमच्याही नळीवर ते छापलेलं असतं, आज जरा खाली वाकून बघा.

चिमणी घेतली नाही. खिडकीच्या वरच्या काचेत नऊ इंची एक्झॉस्ट बसवला आणि फोडणीच्या वेळी दिवाणखान्याचं दार उघडं ठेवतो. बाहेरून हवा आत आल्याशिवाय पंखा आतली बाहेर काढणार कुठून? खिडकीशी मात्र एक घडीची फळी लावून घेतली, बिजागऱ्यांवर उघडणारी. तिथे स्टूल ठेवून आई बसून भाजी निवडतात. सकाळी साडेसातपासून नऊपर्यंत तिथे ऊन येतं. त्या फळीला सुताराने उरलेल्या लाकडातून आठशे रुपये घेतले, आणि या घरात सध्या सगळ्यात जास्त वेळ माणसं तिथेच बसलेली असतात. लेक अभ्यासाला येते, नवरा चहा घेऊन टेकतो. मेथी निवडायला मग आपोआप चार हात मिळतात.

मिस्त्री आणि बिगारी मिळून नऊ दिवसांची मजुरी पंधरा हजार तीनशे झाली. सुताराचे चौदा. सिंक-नळ, प्लंबर, वायरिंग, सिमेंट-टाइल्स, रंग हे सगळं धरून एकूण ५९,६०० रुपये. उरलेल्या चारशेंत भर घालून मी कसब्यातल्या तांबट आळीच्या बाजूला जाऊन आईंच्या पितळी पातेल्याला कल्हई करून आणली. ते पातेलं लग्नातलं, दहा वर्षं माळ्यावर पडून होतं. आतली कल्हई गेलेली, त्यात आंबट शिजवायची सोय नव्हती. आता त्यात आमटी होते, आणि २८ इंचांच्या ओट्यावर आमटी ढवळताना आईंचं कोपर अंगाशीच राहतं. खांदा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. तेलाची बाटली मात्र पूर्वी महिन्यात संपायची, ती आता दुसऱ्या महिन्यातही अर्धी आहे.

माझी कंबरही सगळी सुटलेली नाही. मी अजून सवयीने वाकते. ओटा उंच झालाय हे पाठीला सांगावं लागतं.

पोळ्या मी आता आईंच्या बाजूला करते. लाटायला जोर लागतो आणि जोर खालच्या उंचीवर लावता येतो. त्या चिरायच्या वेळी माझ्या बाजूला येत नाहीत, खिडकीशी जातात. त्यामुळे एकमेकींना "जरा सरक" म्हणायची वेळ कमी आली आहे. सात बाय नऊच्या खोलीत दोन बायकांना दिवसातून किती वेळा "जरा सरक" म्हणावं लागतं, आणि ते कुठल्या स्वरात म्हटलं जातं, हे एकत्र राहणाऱ्यांना सांगायला नको. रंगारी आला तेव्हा चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा पाहून त्याने विचारलं, ह्या पुसायच्या ना? लेक म्हणाली, नाही. तिने आता स्वतःच्या कोपराची तिसरी रेघ मारली आहे, आईंच्या रेघेच्या दोन बोटं खाली.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीने हत्यारं पोत्यात भरली, हात धुतले आणि पुन्हा तांब्याभर पाणी मागितलं. खालच्या ओट्यावर ओतलं. पाणी पसरलं, क्षणभर थबकलं आणि पुढच्या कडेला काढलेल्या बारीक खाचेतून पायरीकडे निघालं. पायरीपाशी त्याने लहानशी पन्हळ ठेवली होती, तिच्यातून ते उंच ओट्याच्या बाजूने खालच्या पाइपात उतरलं. मग वरच्या ओट्यावर ओतलं, ते थेट सिंकमध्ये. त्याने भिंतीच्या सांध्यावरून बोट फिरवून आईंना दाखवलं. कोरडं होतं.

या गोष्टीला आता वर्ष होईल. रात्री सगळी निजानीज झाली की आई ओटा पुसतात, शेगडीच्या कळा बघतात आणि तांब्यातलं उरलेलं पाणी ओट्याच्या मधोमध ओततात. ते खाचेला लागेपर्यंत त्या तिथे उभ्या राहतात. मग दिवा बंद करतात.